फ्रेममागे नऊ रुपये पंधरा पैसे

शनिवार, १४ ऑगस्ट २००४. रक्कम बावन्न हजार पाचशे रुपये, वाहतूक वेगळी. ठिकाण राजारामपुरीच्या एका गल्लीतलं दहा बाय बारा फुटांचं कॉम्प्युटरचं दुकान. हजर : दुकानदार, वय चोवीस, शिरोलीच्या एका फौंड्रीत सुपरवायझर असलेले एक गृहस्थ, लग्नाचे फोटो काढणारे एक स्टुडिओवाले, कॉलेजची आठ-दहा पोरं, मी आणि माझी अकरावीतली मुलगी. बसलेली एकटी मुलगी होती, कारण दुकानात स्टूल एकच होतं.

मी एका पतसंस्थेत हिशेबनीस होतो. शनिवारी अर्धा दिवस सुट्टी असे. घरातला कॉम्प्युटर मी १९९९ साली अडतीस हजार पाचशेला घेतला होता, संस्थेकडून उचल काढून, आणि उचलीच्या अर्जात 'मुलीच्या शिक्षणासाठी' असं कारण लिहिलं होतं. शिक्षणासाठी तो किती चालला याची नोंद नाही. मोटारींच्या शर्यतीच्या खेळासाठी रोज दीड तास चालत असे, हे मी वीज बिलावरून सांगू शकतो. तो बिघडला की या दुकानात आणायचो. मग बिघडला नाही तरी येऊ लागलो.

त्या दुकानात शनिवारी माणसं जमत, पण खरेदीला नव्हे. एकदा मी मोजलं होतं. बारा माणसं, साडेतीन तास, चहा सव्वीस कप, विक्री एक माऊस, एकशे ऐंशी रुपये. बाकी सगळी चर्चा. चर्चा बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्डाची. हे कार्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या पेटीत बसवायचा, तळहातापेक्षा थोडा मोठा एक भाग. पडद्यावरचं चित्र रेखाटायचं काम तो करतो. कार्ड जितकं तगडं, तितकी एका सेकंदात जास्त चित्रं पडद्यावर येतात आणि खेळ गुळगुळीत चालतो. त्या एकेका चित्राला फ्रेम म्हणतात. दुकानात माणसाची लायकी त्याच्या फ्रेमवर ठरत असे.

अशी कार्डं करणाऱ्या कंपन्या मुख्यतः दोन. खोक्यांच्या रंगावरून दुकानात एकीला लाल म्हणत आणि दुसरीला हिरवी. आमच्या गावात फुटबॉलचा सामना असला की माणूस आधी पेठेचा असतो आणि मग माणूस. तसंच इथं होतं. फौंड्रीवाले लाल, स्टुडिओवाले हिरवे. दोघांनीही त्या कंपन्यांचे मालक पाहिले नव्हते, की कंपन्यांनी या दोघांना. पण एकमेकांच्या कार्डाबद्दल ते असं बोलत, की वाटावं बांधावरून कोर्टात गेलेले भाऊ आहेत.

माझी मुलगी या सगळ्यांपेक्षा जास्त खेळत असे आणि काहीच बोलत नसे.

त्या आठवड्यात लाल कंपनीनं स्वस्तातलं नवं कार्ड काढल्याची बातमी आली होती. मासिक बुधवारी आलं, सायबर कॅफेतून पानाला पाच रुपये देऊन छापून आणलेले कागद गुरुवारी आले, आणि शनिवारपर्यंत सगळ्यांना सगळं पाठ झालं होतं. किंमत नव्याण्णव डॉलर. मी शेहेचाळीसनं गुणून चार हजार पाचशे चौपन्न रुपये सांगितले. दुकानदारानं मुंबईच्या व्यापाऱ्याला फोन लावला. तिथं एका नगाचा भाव पाच हजार सहाशे.

"मधले कुठं गेले मग?" फौंड्रीवाले गरजले.

"किती?"

"काका, किती?" एका पोरानं मला विचारलं.

"एक हजार शेहेचाळीस," मी म्हणालो.

या एक हजार शेहेचाळीस रुपयांवर चाळीस मिनिटं गेली. सीमाशुल्क, विक्रीकर, मुंबईचे व्यापारी, दिल्लीचं सरकार, सगळ्यांची हजेरी झाली. एक पोरगा म्हणाला, अमेरिकेत त्याचा मावसभाऊ आहे, त्याला आणायला सांगू. तो कधी येणार, असं विचारलं, तर अजून व्हिसाच मिळालेला नव्हता.

मग दुकानदार म्हणाला, "धा नग एकदम घेतले तर सव्वापाच हजारला देतो म्हंतोय. वाहतूक धरून मला पाच हजार दोनशे पंच्याण्णवला पडंल. तुमाला साडेपाच हजारला देतो."

सगळे खूश झाले. इथं मी गप्प बसलो असतो तर पुढचं लिहायची वेळ आली नसती. पण मासिकात एका लढाईच्या खेळाचा आकडा दिला होता, चव्वेचाळीस फ्रेम. मी वहीत भागाकार केला. साडेपाच हजार भागिले चव्वेचाळीस, बरोबर एकशे पंचवीस. पैसासुद्धा वर नाही. असा नि:शेष भागाकार आमच्या धंद्यात वर्षात दोनदा येतो. मला राहवलं नाही. हिरव्या कंपनीचं त्याच दर्जाचं कार्ड बासष्टशेला होतं आणि त्रेचाळीस फ्रेम देत होतं. म्हणजे एकशे चव्वेचाळीस रुपये एकोणीस पैसे. मी दोन्ही आकडे मोठ्यानं वाचून दाखवले.

"ऐकलंस का?" फौंड्रीवाले स्टुडिओवाल्यांच्या खांद्यावर थाप मारून म्हणाले. "फ्रेममागं एकोणीस रुपयं जादा देतंय तुझं हिरवं. हिशेबनीस काका बोलालेत, मी न्हाई."

स्टुडिओवाले म्हणाले, "भावा, लग्नात स्वस्त फोटोवाला आणला की नवऱ्याचं डोकं तुटतंय फोटोत. बघ म्हंजे झालं."

पण पोरांनी ठरवलं. दुकानदार म्हणाला, प्रत्येकानं पाचशे रुपये आगाऊ द्यावेत. आणि दुकानातली हवाच बदलली.

"आगाऊ?" फौंड्रीवाले म्हणाले. "आमच्याकडनं? परकं समजतोस व्हय आमाला?"

"तसं न्हवं, दादा."

"मग कसं? दोन वर्सं येतोय मी हितं."

दोन वर्षांत त्यांनी काय घेतलं होतं, हे मला माहीत होतं. एक केबल. पण ते बोलायची ती वेळ नव्हती. आमच्याकडे ओळखीच्या माणसाकडं विसार मागणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला चोर म्हणणं. उलट तालीम मंडळाच्या वर्गणीची यादी समोर आली की माणूस चारचौघांत हवा तो आकडा घालून सही करतो, आणि तो आकडा आणि वसुली हे दोन वेगळे विषय असतात, हे सगळ्यांना मान्य असतं. पतसंस्थेत मी दोन जामीनदारांशिवाय दहा हजारांचं कर्जही पुढं सरकू देत नसे. इथं मात्र मध्ये पडलो आणि म्हणालो, आगाऊ राहू दे, यादी करू आणि सह्या घेऊ.

वहीचं पान फाडून मी मथळा लिहिला. तेरा सह्या झाल्या. त्यात फौंड्रीवाल्यांच्या दोन, एक स्वतःची आणि एक चुलतभावाची. दुकानदार तरीही पेन दातात धरून उभा होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, अप्पांनी साठ हजार दिल्यात भांडवल. दुरुस्तीवर भाडं आणि जेवण निघतंय, पण भांडवल तसंच पडलंय. दिवाळीपर्यंत धंदा दाखव म्हंत्यात, न्हाईतर गडहिंग्लजला येऊन अडतीवर बस. ह्यात चुकलो तर संपलं बघा."

त्याच्या वडिलांची गडहिंग्लजला गुळाची अडत होती. तिथं त्याला बसायचं नव्हतं. लहानपणापासून रेडिओ खोलून जोडणारा तो मुलगा. या दहा बाय बारावर त्याचा जीव होता.

मी म्हणालो, "तेरा सह्या आहेत. वीस टक्के बुडीत धर. दहा पूर्णांक चार. दहा मागव."

आणि त्याचा धीर वाढावा म्हणून यादीच्या खाली 'जामीनदार' लिहून मी स्वतःची सही केली. कुणी मागितली नव्हती.

माल अकरा दिवसांनी आला आणि शनिवारी उघडायचं ठरलं. फौंड्रीवाले हार, नारळ आणि पाव किलो पेढे घेऊन आले. पहिल्या खोक्यावर एक राक्षस आणि एक चिलखतातली बाई होती. त्या दोघांना हळदकुंकू लागलं, नारळ फुटला, खोकं उघडलं. कार्ड आधी हातोहात फिरलं. प्रत्येकानं त्याचा वास घेतला. का घेतला ते मला कळलं नाही, पण माझ्याकडे आलं तेव्हा मीही घेतला. मग दुकानदारानं ते पेटीत बसवलं, लढाईचा खेळ लावला आणि कोपऱ्यात फ्रेमचा आकडा येईल असं केलं.

आकडा आला एक्केचाळीस.

पुन्हा लावला. एक्केचाळीस.

पंखा बंद करून लावला, पंखा चालू करून लावला, फौंड्रीवाल्यांनी देवाचं नाव घेतल्यावर लावला. एक्केचाळीस.

"काय भावा," स्टुडिओवाले शांतपणे पेढा खात म्हणाले, "तीन फ्रेम कऱ्हाडला उतरल्या काय?"

दुकान हसलं. फौंड्रीवाले हसले नाहीत. आणि मी वही काढली. साडेपाच हजार भागिले एक्केचाळीस. एकशे चौतीस रुपये पंधरा पैसे.

"म्हणजे फ्रेममागे नऊ रुपये पंधरा पैसे जादा पडले," मी म्हणालो.

हेही कुणी विचारलं नव्हतं. पण आकडा मिळाला की माणसाला बळ येतं. तोवर नुसतं वाईट वाटत होतं, आता फसवणूक झाली होती. 'नऊ रुपये पंधरा पैसे' हे शब्द त्या दिवसापासून दुकानात घोषणेसारखे चालू लागले. खरं तर एक्केचाळीस धरूनही लाल कार्ड हिरव्यापेक्षा फ्रेममागे दहा रुपये चार पैसे स्वस्तच होतं. तोही आकडा मी काढला आणि सांगितला. तो कुणीच उचलला नाही.

"पुढच्या महिन्यात हिरवीचं नवं येणार हाय," एक पोरगा म्हणाला. "थांबायचं."

"माझं कार्ड चालतंय अजून," दुसरा म्हणाला. गेल्या शनिवारी तोच ते भंगारात घालायला निघाला होता.

तिसऱ्याची परीक्षा होती. चौथ्याच्या घरी गणपती यायचा होता. फौंड्रीवाले म्हणाले, "कार्ड एक लंबर हाय. मी आजबी म्हंतोय. पण भाव जरा उतरू दे की. मी काय पळून चाललोय?"

पेढे संपले, माणसं गेली. नऊ खोकी बंद, एक उघडं. मुलगी म्हणाली, "बाबा, आपण घेऊया की." मी साडेपाच हजार दिले आणि उघडलेलं कार्ड घरी आणलं. तिनं बसवलं, शर्यत लावली, आणि आता पावसात रस्ता चमकतो म्हणाली. फ्रेम किती येतात ते तिनं कधी पाहिलं नाही.

पुढच्या तीन आठवड्यांत आणखी एकच कार्ड गेलं. मलकापूरहून एक शेतकी खात्यातले गृहस्थ आले होते, पोराला खेळासाठी काहीतरी बरं द्या म्हणाले. दुकानदारानं कार्ड दाखवलं. त्यांनी विचारलं, "चालंल न्हवं?" तो म्हणाला, "चालंल." त्यांनी साडेपाच हजार मोजले, खोकं पिशवीत घातलं आणि एसटी पकडायला गेले. एकूण सहा मिनिटं. ना लाल, ना हिरवं, ना फ्रेम. मी तिथंच उभा होतो. कार्डाबद्दल काहीही माहिती नसलेलं ते एकमेव गिऱ्हाईक, आणि यादीबाहेरचं पण तेच एकमेव.

गणपती गेले. मुंबईचा भाव पाच हजार दोनशेवर आला, मग पाच हजारावर, मग चार हजार सातशेवर. प्रत्येक उताराला दुकानात आनंद व्हायचा. "म्हटलं होतं न्हवं, थांबा," असं ते एकमेकांना सांगत, आणि समोर काचेच्या कपाटात आठ खोकी उभी असत. दुकानदार मला एका शब्दानं बोलला नाही. फक्त शनिवारचा चहा सांगायचा बंद केला. चहा बंद झाल्याचंही कुणी मनावर घेतलं नाही, दोघं-तिघं येताना पिऊन येऊ लागले.

एका रविवारी मी यादी घेऊन वसुलीला निघालो. फौंड्रीवाल्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला, चिवडा दिला, आणि दिवाळीनंतर डॉलर कसा पडणार ते समजावून सांगितलं. मी यादी पुढं केली. त्यांनी चष्मा लावून वाचली.

"काका, हितं लिवलंय, खालील सह्या करणार यांनी सदर कार्ड घेण्याची इच्छा व्यक्त केली आहे. व्हय न्हवं?"

"हो."

"इच्छा हाय की. आजबी हाय. इच्छेला कधी न्हाई म्हटलंय मी?"

मथळा माझ्याच अक्षरात होता. वीस वर्षं कर्जरोखे लिहिणाऱ्या माणसानं लिहिलेला. मी चिवडा संपवला आणि उठलो.

नवरात्रातल्या एका शनिवारी दुकानदाराचे वडील आले. दुपारी देवीचं दर्शन घेऊन थेट दुकानात. धोतर, टोपी, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, हातात कापडी पिशवी. आमची नेहमीची मंडळी जमलेलीच होती. माझ्या मुलीनं उठून स्टूल दिलं. ते बसले आणि दुकान बघत राहिले. मग मुलाला म्हणाले, "उद्या सकाळी टेम्पो येतोय. कपाट, टेबल आणि पंखा. इंग्रजी पाटी हितंच ऱ्हाऊ दे, गडहिंग्लजला ती कुणाला वाचायला यायची न्हाई."

"अप्पा, दिवाळीपर्यंत म्हणाला होता."

"भांडवल किती हाय गल्ल्यात?"

"अठरा हजार पन्नास."

"आणि बाकीचं?"

त्यानं कपाटाकडे बोट दाखवलं. वडिलांनी एक खोकं मागून घेतलं, राक्षस बघितला, बाई बघितली, आणि विचारलं, "हे किती दिवस ऱ्हातंय?"

"खराब व्हत न्हाई, अप्पा. भाव उतरतोय फक्त. दर आठवड्याला."

"म्हंजे पाणी सुटतंय."

"अप्पा, ह्यो गूळ न्हवं."

"ठेवल्यावर उतरतोय न्हवं? मग गूळच." त्यांनी आमच्याकडे मान वळवली. "ह्यातलं जाणतं कोण हाय?"

फौंड्रीवाले पुढं झाले. त्यांनी दहा मिनिटं माहिती दिली. कार्डाची मेमरी किती, पंखा कसा शांत आहे, रंग कसे हिरव्यापेक्षा खुलतात, आणि मुंबईच्या लोकांना हा माल कसा कळलेला नाही. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं.

"चांगला हाय म्हंता."

"एक लंबर."

"मग घेतला का न्हाई?"

फौंड्रीवाले चष्मा काढून पुसू लागले आणि पोरं पंखा बघू लागली.

वडील उठले. खोकं टेबलावर ठेवलं. "आत्ता सौदा काढतो. आठ रवे हाईत. रोख पैसा. सोमवारी न्हाई, पगाराला न्हाई. बोला."

मार्केट यार्डात गुळाचे सौदे निघतात ते मी पाहिलेत. रव्यांसमोर, म्हणजे गुळाच्या ढेपांसमोर, घोळका उभा राहतो, अडत्या बोली काढतो, आणि बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही. इथं मात्र सगळ्यांच्या चेहऱ्यावर सगळं होतं.

"तीन हजार," स्टुडिओवाले हसत म्हणाले.

"तीन हजार एकवार..."

"तीन हजार?" फौंड्रीवाले उसळले. "लाल कार्ड तीन हजारला? तुला रं कशाला पायजे? तू हिरवा!"

"दुकानात लावून ठेवतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवीन, लाल किती रडतंय ते."

"तीन हजार दोनवार..."

"साडेतीन!"

"तीन सातशे," स्टुडिओवाले म्हणाले.

"चार!"

"दादा," एक पोरगा फौंड्रीवाल्यांच्या कानाशी लागला, "मुंबईला चार हजार सातशेला मिळतंय..."

"मिळू दे मुंबईला! हितं इज्जतीचा सवाल हाय." आणि मोठ्यानं, "साडेचार!"

"चार आठशे," स्टुडिओवाले म्हणाले, आणि माझी खात्री आहे की तोवर त्यांनाही ते कार्ड हवं झालं होतं.

"चार हजार नऊशे!"

"चार हजार नऊशे एकवार, दोनवार, तीनवार. झाला. पैसं."

फौंड्रीवाले रस्त्यापलीकडच्या एटीएमकडे धावले. ते येईपर्यंत दुसरा नग निघाला, आणि तो स्टुडिओवाल्यांनी पाच हजार पन्नासला घेतला, कारण एका पोरानं त्यांना 'हिरव्यांत दम न्हाई' असं म्हटलं. तिसरा चार हजार आठशे पन्नासला त्याच पोराला. चौथा फौंड्रीवाल्यांनी परत येऊन पाच हजार शंभरला घेतला, चुलतभावासाठी. मुंबईचा भाव चार हजार सातशे आहे हे दुकानातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. सात आठवडे ते तेवढंच बोलत होते. मला ओरडून सांगावंसं वाटलं, की आता फ्रेममागे पडतं किती ते बघा. पण या खेपेस तोंड उघडलं नाही. त्या दुकानात मी केलेलं हे पहिलं शहाणपणाचं काम.

मग जोर ओसरला. पुढचे नग चार हजार सहाशे, चार हजार चारशे आणि चार हजार तीनशेला गेले. परीक्षा असलेल्यानं घेतलं, ज्याचं जुनं चालत होतं त्यानंही घेतलं. आठव्याला कुणी बोलेना. प्रत्येकाच्या काखेत एक खोकं होतं, फौंड्रीवाल्यांच्या दोन. आणि सगळे खूश होते. घरी जाताना एकमेकांना सांगत होते, की असं कार्ड या भावात मिळत नसतं.

दुकानात आम्ही चौघं उरलो. वडिलांनी नोटा मोजल्या. सात नगांचे तेहेतीस हजार दोनशे. गल्ल्यात अठरा हजार पन्नास. एकूण एक्कावन्न हजार दोनशे पन्नास. साठ हजाराला कमी आठ हजार सातशे पन्नास, आणि टेबलावर एक खोकं.

"एवढा माल मागवायचा हिशेब कुणी घातला?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "मी." आणि खिशातून यादी काढून दिली. त्यांनी तेरा सह्या सोडून थेट खालची ओळ वाचली.

"जामीनदार. तुमी?"

"मीच."

"कुठं काम करता?"

"पतसंस्थेत. हिशेबनीस."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. गुळाच्या अडतीवर खूप माणसं बघितलेला तो माणूस होता. चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

"अप्पा, काकांचं ह्यात काय न्हाई," मुलगा म्हणाला. "त्यांनी एक कार्ड घेतलंय साडेपाच हजारला. पहिल्याच दिवशी."

"घेतलं, ते त्यांच्या लेकीसाठी. सही केली, ती तुझ्यासाठी." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "दुकान त्याचं, हिशेब तुमचा. निम्मं-निम्मं. त्याचं निम्मं मी त्याच्या दुरुस्तीच्या पैशातनं कापतो. भांडवल पुरं झालं पायजे. हे खोकं तुमी न्या."

मला ते रास्त वाटलं. आजही वाटतं. मुलीला दुकानात बसवून मी घरी गेलो, दिवाळीसाठी कपाटात ठेवलेले पैसे काढले. बायकोनं विचारलं कशाला, मी म्हणालो, एका प्रकरणात जामीन होतो. तिनं पुढं विचारलं नाही. पतसंस्थेतल्या माणसाच्या बायकोला या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

परत आलो तेव्हा वडील दाराशी उभे राहून रस्ता बघत होते.

"असली माणसं रोज येत्यात?" त्यांनी मुलाला विचारलं.

"शनवारी येत्यात. सगळी."

"गुळाला असं कोण भांडत न्हाई," ते म्हणाले. "गिऱ्हाईक येडं हाय. पण हाय." मग आत वळून म्हणाले, "टेम्पोवाल्याला फोन लाव. उद्या येऊ नको म्हणावं." आणि तो फोनकडे वळला तसं मागून म्हणाले, "आणि हितनं म्होरं आगाऊ घेतल्याबिगर नग मागवायचा न्हाई. कुणाला राग येऊ दे, न्हाईतर न येऊ दे."

फोन लावताना त्याचा नंबर दोनदा चुकला.

माझ्या दुसऱ्या कार्डाचा हिशेब असा : आठ हजार सातशे पन्नासचे निम्मे चार हजार तीनशे पंच्याहत्तर. मुंबईच्या भावापेक्षा तीनशे पंचवीस रुपये कमी, सौद्यातल्या सगळ्यांत खालच्या बोलीपेक्षा पंच्याहत्तर रुपये जास्त. शनिवारी संध्याकाळी, नवरात्रात, मी दुकानदाराच्या वडिलांच्या हातात चार हजार चारशे रुपये रोख ठेवले. त्यांनी ते दोनदा मोजले, कनवटीतून पंचवीस रुपये काढून मला परत दिले, आणि चार हजार तीनशे पंच्याहत्तरची पावती मुलाकडून लिहून घेऊन तिच्यावर स्वतः सही केली.